बगळा छापाचा दोरा

सन १९६४, आषाढ वद्य दशमी. पडवीत बसून मी नव्या कांडाळीला पडलेलं भोक विणून बुजवत होते.

नव्या जाळ्याला भोक कसं, असं कुणीही विचारील. कांडाळ म्हणजे पाण्यात पडद्यासारखं उभं राहणारं जाळं. त्याच्या घरांत माशाची मान अडकते. ही कांडाळ मी चैत्रापासून विणत होते, ज्येष्ठात पुरी केली होती, आणि तिने अजून खाडीचं पाणीसुद्धा पाहिलं नव्हतं. तरी खालच्या कोपऱ्यात हातभर भोक. मी उंदराला दोष दिला आणि सुई भरली. त्याच कोपऱ्यावरचं कौल सरकलं होतं आणि चार दिवस तिथे गळत होतं, हे मला दिसत होतं. पण गळतीचा आणि भोकाचा संबंध लावायला डोकं मोकळं असावं लागतं, आणि त्या दिवसांत माझं नव्हतं.

आमचं गाव तुर्भ्याच्या खाली, खाडीला लागून. आता तिथे सेक्टर आहे आणि आमच्या पडवीच्या जागी लोकांच्या गाड्या उभ्या असतात. तेव्हा घरं, पुढे खाजणाचा खारा चिखल, मग खाडी आणि पलीकडे मुंबई, एवढंच होतं. घरात सासू, नवरा, दीर आणि मी. सासरे जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांनी बांधून घेतलेली होडी होती, ती एकच, आणि तिच्यावरच आम्ही चौघं जगत होतो.

तोवर सगळा गाव सुती दोऱ्याची जाळी वापरी. सुती जाळं पाण्यात कुजतं, म्हणून ते ऐनाच्या सालीच्या काढ्यात सारखं उकळावं लागे. साल कुटायची, चूल पेटवायची, जड झालेलं जाळं पिपातून उपसायचं, हे सगळं बायकांचं काम. माझे हात कोपरापर्यंत तपकिरी असत. त्यामुळे नायलॉन नावाचा दोरा निघालाय, तो कुजत नाही, त्याला साल लागत नाही, असं कानावर आलं तेव्हा घरात सगळ्यांत जास्त हाव मला सुटली. हे कबूल करायला हवं, कारण पुढे मी नवऱ्याला पुष्कळ बोलले.

खरा नायलॉनचा दोरा परदेशातून येई, सरकारी परवान्यावर, मच्छीमारांच्या सोसायटीतून. नंबर लागेपर्यंत माणूस म्हातारा होईल अशी ती रांग. फाल्गुनात नवरा पलीकडच्या धक्क्यावरून चार रिळं घेऊन आला. पांढरा, चकचकीत दोरा. प्रत्येक रिळावर सोनेरी कडेचा कागद, कागदावर चोचीत मासा धरलेला निळा बगळा आणि खाली इंग्रजी अक्षरं. मी सातवीपर्यंत शिकले होते. इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचता येत. दोरा परदेशात बनला आहे, असं त्यावर लिहिलं होतं. गावात त्याला लगेच नाव पडलं, बगळा छाप.

नवऱ्याने भावकीतल्या तीन घरांनाही तो आणून दिला. ज्या दराने आणला त्याच दराने दिला, त्यात मधल्या मध्ये काही ठेवलं नाही. त्याने कमावली ती ऐट. सोसायटीचा चेअरमन जे आणू शकत नाही ते आपण आणलं, हे तो दिवसातून दोनदा कुणाला तरी सांगे.

दोरा पारखला होता का? पारखला होता. अंगणात दोन माणसांनी दोन टोकांना धरून ओढला होता. तुटला नाही, उलट एकाचं बोट कापलं. सगळे खूश. पण ओढला तो कोरडा. आमच्याकडे नवं जाळं नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय भिजवत नाहीत. त्याआधी नव्या जाळ्याला पाणी लावणं म्हणजे यजमानाला वाढण्याआधी आपणच ताटावर बसणं. त्यामुळे फाल्गुनापासून आषाढापर्यंत चार घरांत तो दोरा विणला गेला, हाताळला गेला, आल्या-गेल्याला दाखवला गेला, आणि एकाही माणसाने त्याचा एक वाव, दोन हात पसरावेत एवढा तुकडाही, पाण्यात बुडवून पाहिला नाही. समुद्रात वापरायचा दोरा आम्ही जमिनीवर पारखला.

त्या दशमीला नवरा आणि दीर होडी घेऊन पलीकडे आणखी आठ रिळं आणायला गेले होते. दुपारी दीर एकटाच आला. गुडघ्यापर्यंत चिखल, म्हणजे खाजणातून चालत आलेला.

“वयनी, होरी धरली,” तो म्हणाला.

“कोणी?”

“कस्टमवाल्यांनी. लाँच आरवी घातली. रिलं बघितली, बगला बघितला, बोलले, बिल कुठंय?”

“मग?”

“बिल कुठचं?”

“आणि तुमचे दादूस?”

“येतान मागून. कागूद लिवून घेतान त्याच्याकडशी.”

सासू आतून आली. तिने होडी धरली एवढंच ऐकलं होतं. ती उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, “वल्ही पन घेतली?” वल्हीसुद्धा घेतली होती.

नवरा तासाभराने आला. त्याच्या हातात घडी घातलेला कागद होता. होडी, वल्ही, शीड आणि आठ रिळं जप्त. परदेशी माल विनापरवाना आणला असा संशय. तिसऱ्या दिवशी चौकीवर हजर राहायचं, मालाचं बिल घेऊन. नाही आणलं तर माल सरकारजमा, आणि ज्या होडीतून माल आला ती होडीही सरकारजमा.

“ज्याने दोरा दिला त्याचं दुकान कुठंय?” मी विचारलं.

“दुकान नाय. धक्क्यावर भेटतो.”

“नाव?”

“शेठ बोलतात त्याला.”

“धक्क्यावर भेटणाऱ्या शेठकडून आपण बिल मागायचं?”

“तू नको शिकवू आता,” तो म्हणाला. मग पाय धुता धुता, “मी तेव्हाच मागायला पायजे होतं.”

तो बोलत होता तेव्हा माझा हात त्या भोकाच्या कडेवर होता. कडेचा दोरा अजून दमट होता. मी सहज एक घर बोटात धरून ओढलं, आणि ते आवाज न करता सुटलं. तुटलं म्हणावं तर ताणही बसला नव्हता. पीळ उलगडून धागे नुसते वेगळे झाले. मी शेजारचं घर ओढलं. तेही तसंच. मग वरचं, कोरडं घर ओढलं. ते माझ्या बोटात रुतलं.

मी उंदराला मनातल्या मनात माफ केलं.

माझ्या डोक्यात हिशेब सरळ होता. होडी धरली ती दोरा परदेशी आहे म्हणून. परदेशी नसेल तर होडी कशाला धरायची? मी नवऱ्याला तेवढंच सांगितलं. तो दमट घराकडे बघत राहिला.

“म्हंजे मी पाच म्हयनं गावाला खोटा दोरा दाखवत फिरलो?”

“होय.”

“आनि ते मी साह्यबाला सांगू? गावाला सांगू?”

“होडी पाहिजे ना?”

त्याने कागदाची घडी पुन्हा घातली आणि कनवटीला खोचली. पण थोडी ओल म्हणजे काही पुरावा नव्हे, हे मलाही कळत होतं. गळतीचं पाणी, कौलाचा चुना, कुणीही काहीही म्हणेल. नीट भिजवून बघायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घागर आणि कांडाळ घेऊन अंगणात बसले, आणि सासू समोर उभी राहिली.

“नारल दिल्याबिगर नवं जालं पान्यात जात नाय,” ती म्हणाली.

“हे विहिरीचं पाणी आहे, आये. दर्याचं नाही.”

“पानी ते पानी.”

“होडीच नसली तर नारळ कशातून द्यायला जाणार?”

“काठावरशी देऊ. माझ्या सासूनं भिजवलं नाय, मी भिजवलं नाय. तुला सातवीत हा धडा होता काय?”

सासूशी मी सहसा वाद घालत नसे. तिचं ऐकण्यात शहाणपण असे, आणि नसलं तरी घरात शांतता राही. पण त्या दिवशी नारळी पौर्णिमेला वीस दिवस उरले होते आणि होडी दुसऱ्याच्या खुंट्याला बांधलेली होती. मी सुरी घेतली, कांडाळीच्या वरच्या कोरड्या बाजूचा वावभर तुकडा कापला, आणि तो तिच्यासमोर धरला.

“हे आता जाळं राहिलं नाही. चिंधी आहे. चिंधी भिजवायला काही हरकत?”

तीन महिन्यांचं विणकाम कापताना माझा हात थांबला नाही, हे तिने पाहिलं. ती बाजूला झाली. बाजूला झाली म्हणजे गेली नाही. चुलीपाशी जाऊन लाकडं इकडची तिकडे करत तिथूनच बघत राहिली.

तुकडा घागरीत टाकला. भांडी घासून होईपर्यंत थांबले. वर काढला तेव्हा पाणी ढवळं झालं होतं, भाताच्या पेजेसारखं. दोऱ्याची सगळी चकाकी त्या पाण्यात उतरली होती. खळ होती ती, खळीनेच पीळ धरून ठेवला होता. मी तुकड्याचं एक टोक सासूकडे दिलं. तिने घ्यायला नको म्हटलं, आणि मग घेतलं. तिने एकदाच ओढलं.

हातात आलेल्या धाग्यांकडे बघत ती म्हणाली, “हे घेऊन पोरं दर्यात गेली असती.” आणि वर, “नारल फुकट गेला असता.”

तिसऱ्या दिवशी मी नवऱ्याबरोबर चौकीवर गेले. बायकांनी चौकीवर जायचं नसतं असं कुणी म्हणालं नाही, कारण कुणाला विचारलंच नव्हतं. मिठागरांच्या बांधावरून दोन तासांची चाल. बांध निसरडे झाले होते. मी पुढे आणि तो मागे. माझ्या पिशवीत भाकरी आणि कांडाळीचा आणखी एक तुकडा.

चौकी म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. मागे चिखलात आमची होडी कलती पडली होती, तिच्यात पावसाचं पाणी साठलेलं. ते उपसायला कुणाला सांगावं हे न कळून नवरा तिच्याकडे बघत राहिला. मी त्याला आत घेऊन गेले.

साहेब तिशीचे, देशावरचे असावेत. बोलण्यात घाई नाही, पण वेळही घालवत नव्हते.

“बिल आणलंत?”

“नाय साह्यब,” नवरा म्हणाला.

“मग काय आणलंत?”

मी म्हणाले, “एक तांब्या पाणी मिळेल का?”

“माठ बाहेर आहे, बाई.”

“प्यायला नको. तुमच्या दोऱ्याला पाजायचं आहे.”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मी पिशवीतला तुकडा काढला आणि जे झालं ते सांगितलं: कौल, गळती, घागर, खळ. दोरा परदेशी नाही, नायलॉनही नाही, नुसता कागद परदेशी आहे, आणि तोही खरा असेल असं वाटत नाही.

“पकडलं की प्रत्येकाचा माल खोटा होतो,” साहेब म्हणाले. “गेल्या महिन्यात आम्ही घड्याळं धरली. तो माणूस देवाची शपथ घेऊन सांगत होता की त्यातलं एकही चालत नाही.”

“चालत होती?”

“माझ्यापेक्षा वेळेवर.” दारात उभा शिपाई हसला. साहेब पुढे म्हणाले, “आणि हा तुकडा तुम्ही घरून आणलाय. आमच्या रिळांतला नाही.”

“मग तुमच्यातला कापा.”

“सील आहे त्यावर. मोडायचं तर पंच लागतात.”

“बोलवा. आम्ही थांबतो.”

त्यांना ते टाळता आलं असतं. टाळलं नाही, म्हणून त्यांच्याबद्दल माझं मत आजही चांगलं आहे. शिपाई समोरच्या चहावाल्याला आणि मिठागराच्या मुकादमाला घेऊन आला. सील मोडलं. एका रिळातला वावभर दोरा कापला. चहावाल्याने कोरडा ओढून पाहिला, मुकादमाने पाहिला, तुटला नाही. मग बादलीत टाकला.

“किती वेळ?” साहेबांनी विचारलं.

“तुमचा चहा होईपर्यंत.”

चहा झाला. चहावाल्याने दोरा काढला, दोन्ही हातांना गुंडाळला आणि जोर लावायला छाती भरून घेतली. जोर लावायची वेळच आली नाही. तो मागे भिंतीवर आपटला आणि स्वतःवर हसला.

साहेब हसले नाहीत. त्यांनी एक कोरडा तुकडा घेतला आणि काडी लावली. कागद जळावा तसा तो भुरभुर जळाला आणि फुंकर मारली तशी राख उडाली. मग त्यांनी कपाटातून दुसरा एक दोरा काढला, कधीतरी पकडलेल्या मालातला, आणि त्यालाही काडी लावली. तो जळाला नाही. आक्रसला, वितळला, आणि टोकाला मिऱ्याएवढा कडक मणी झाला.

“हा नायलॉन,” ते म्हणाले.

मी तो मणी बोटांत धरून पाहिला. ज्याच्यासाठी एवढं झालं तो खरा दोरा मी पहिल्यांदा पाहिला तो कस्टमच्या चौकीत.

मग साहेबांनी कायदा सांगितला, आणि तो मला समजेल असा सांगितला. माल खरा परदेशी आणि कागदपत्रं नाहीत, तर तो चोरटा, तो त्यांच्याकडे. माल परदेशी पण छाप दुसऱ्याचा चोरलेला, तर तसला माल देशात आणायलाच बंदी, तोही त्यांच्याकडे. पण दोरा इथलाच, इथल्याच कुठल्या तरी कारखान्यातलं नकली रेशीम, आणि वर परदेशी कागद चिकटवलेला, तर तो बंदर ओलांडून आलेलाच नाही. तो खोट्या छापाचा गुन्हा. त्याचा कायदा वेगळा, तो पोलिसांकडे.

“मग होडी सोडा,” मी म्हणाले.

“इतकं सोपं नाही. माल खोटा आहे हे आता पंचांनी पाहिलं. पण कागद कोणी चिकटवला? तो कुणीतरी शेठ, की तुम्हीच?”

“आम्हीच कसे? आम्हाला फाल्गुनात तोच दोरा दिला, आम्ही त्याचं जाळं विणलं, भावकीतल्या तीन घरांनी विणलं…”

मी थांबले, कारण नवऱ्याने मान खाली घातली होती. साहेबांनी समोरचा जबाब ओढून घेतला आणि त्यावर बोट ठेवलं.

“इथे लिहिलंय, हा माल आपण प्रथमच घेतला.”

नवऱ्याने भावकीला वाचवायला तसं लिहून दिलं होतं. चांगल्या मनाने केलेलं काम होतं आणि त्याने आम्हालाच बुडवलं होतं. आता कागदावर तो असा माणूस दिसत होता ज्याने खोटा दोरा गावात खपवला आणि वर सरकारपासून लपवला.

“जबाब बदलता येईल,” साहेब म्हणाले. “पण नुसत्या तुमच्या तोंडाने नाही. त्या तीन घरची माणसं आणा. त्यांच्याकडचा दोरा आणा, आणि त्यांच्या रिळांवरचे कागद आणा, न फाटलेले. ते या रिळांवरच्या कागदांशी जुळले, आणि त्यांनी सांगितलं की तुम्हीही त्यांच्याच बरोबर फसलात, तर तुम्ही साक्षीदार. मी तसा अहवाल पाठवीन आणि होडी सोडा म्हणून लिहीन. ते आले नाहीत, तर तुम्ही आरोपी. मग होडी माझ्या हातात नाही. परवा संध्याकाळपर्यंत या.”

बाहेर आल्यावर मी शिपायाला होडीतलं पाणी उपसायचं विचारलं. तो म्हणाला, जप्तीच्या मालाला हात लावायचा नाही. मी म्हणाले, होडी नका लावू, पाण्याला लावा. त्याने एक फुटका डबा आणून दिला आणि पाठ फिरवली. नवऱ्याने होडी कोरडी केली, मगच आम्ही निघालो.

परतीच्या वाटेवर अर्ध्या बांधापर्यंत तो पायाखालचा चिखल बघत चालला. मग म्हणाला, “त्यांची रिलं संपली आस्तील. जाली विनून झाली सगल्यांची.”

“कागद असतील. बगळ्याचा कागद कोण फेकतंय? काकीने तर देवाच्या फळीखाली चिकटवलाय.”

काकी म्हणजे माझी चुलत सासू. भावकीत तिचा शब्द शेवटचा. ती चौकीवर आली की बाकीची दोन घरं मागून येणार, आणि ती बिथरली की कुणीच येणार नाही. हे आम्हा दोघांना माहीत होतं.

“मी सांगतो तिला,” नवरा म्हणाला. “माझं काम हाय.”

दिवस मावळायच्या सुमारास तो तिच्याकडे गेला. बराच वेळ बसला. परत आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते.

“सांगितलंत?”

“भरतीचं बोलनं निघालं.”

“आणि?”

“मग तिच्या पोराच्या लग्नाचं.” तो पाटावर बसला. “ती बोलली, तुझ्या दोऱ्यानं यंदा माझी पोरं जिताडं पकडतील. मग मी काय बोलू?”

मला त्याचा राग आला नाही असं मी म्हणणार नाही. पण मी काय करायचं ते ठरवून टाकलं होतं, आणि ठरल्यावर राग धरून ठेवायला मला जमत नाही. मी म्हणाले, “उद्या सकाळी मी जाते. तुम्ही यायचं तर या.”

होडी सुटली, हे इथेच सांगून टाकते. उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. नारळी पौर्णिमेच्या तीन दिवस आधी सुटली. रिळं गेली ती गेली, आणि धक्क्यावरचा शेठ पुन्हा धक्क्यावर दिसला नाही. त्या वर्षी आम्ही चारही घरं जुन्या सुती जाळ्यांवरच गेलो, आणि माझे हात पुन्हा कोपरापर्यंत तपकिरी झाले. सोसायटीचा खरा दोरा मिळायला आणखी दोन वर्षं लागली. तो आला तेव्हा सासूने स्वतः एक वाव कापला आणि घागरीत टाकला. नारळाआधी.

पण होडी सुटली ती त्या सकाळमुळे, म्हणून ती सकाळ सांगते.

मी उजाडताच उठले. उरलेली कांडाळ आढ्यावरून खाली काढली, घडी घातली आणि खांद्यावर घेतली. हंडा भरायला विहिरीवर निघाले तर हंडा जागेवर नव्हता. नवरा तो भरून घेऊन अंगणात उभा होता. आमच्या गावात पुरुष माशांच्या टोपल्या वाहतो, डोलकाठी वाहतो, पाण्याचा हंडा वाहत नाही. त्याने तो खांद्यावर चढवला, आणि आम्ही गावातून चालत गेलो, मी पुढे आणि तो मागे. ओट्याओट्यावर लोक दात घासायचे थांबले.

काकी ओट्यावर बसून पान लावत होती.

“काय गो, सकाली सकाली वरात काढलीस?” ती म्हणाली. “आनि नवऱ्याला पानक्या केलास?”

“काकी, जरा उठा. जाळं बघायचंय.”

“बघितलंय की. माझ्या घरात पन तेच हाय.”

“म्हणूनच आणलंय.”

मी कांडाळ तिच्या पायरीवर पसरली आणि नवऱ्याला म्हणाले, ओता. त्याने जवळजवळ अख्खा हंडा ओतला. काकीच्या तोंडून शिवी निघाली. नारळाआधी नव्या जाळ्यावर पाणी, तेही तिच्या दारात. तिचे दोन्ही मुलगे बाहेर आले. पायरीवरून ढवळं पाणी वाहत अंगणात उतरलं. ते सगळ्यांना दिसू दिलं, शिव्या संपू दिल्या. मग जाळ्याची कड उचलून मी तिच्या हातात दिली.

“ओढा.”

तिने माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि ओढलं. घरं एकामागून एक सुटत गेली. तिने पुन्हा ओढलं, दुसऱ्या जागी. मग तिसऱ्या. मग ती हात पदराला पुसून खाली बसली.

नवरा म्हणाला, “काकी, मी फसलो. तुमाला पन मीच फसवलं. होरी धरलीय. तुमी चौकीवर आल्याशिवाय सुटत नाय.”

“काल दोन घटका बसलास,” काकी म्हणाली, “आनि भरती-ओहोटी सांगत व्हतास.”

“व्हय.”

“तुझा बाप असता तर त्यानं पन तेच केलं असतं.” तिने लावलेलं पान डब्यात परत ठेवलं आणि मुलाला सांगितलं, जाळं काढ. मग मला म्हणाली, “कागूद पायजे तुला? तो निघायचा नाय. मी खलीनं बसवलाय.”

“निघेल,” मी म्हणाले.

हंडा उचलून मी आत गेले. देवाच्या फळीखाली, तेलाच्या डागांमध्ये, तो निळा बगळा मासा धरून उभा होता. हंड्याच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं. ते ओंजळीत घेऊन मी कागद चारी कडांनी भिजवला, थांबले, आणि वरच्या कोपऱ्यापासून नखाने तो सोडवायला लागले, सावकाश, न फाडता.